चारात एक, की सगळ्यांनाच? एका शेतकरी घरातल्या शुगरचा हिशेब

हे प्रकरण वर्धा नदीकाठच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं आहे. कुटुंब शिकवण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातली नाती, आकडे आणि चुका या भागातल्या कोणत्याही आशाताईला ओळखीच्या वाटतील अशाच घेतल्या आहेत.

घरात म्हातारी माय, वय ७०. तिला ५४व्या वर्षी शुगर निघाली आणि पुढे जखम न भरल्यानं डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. नवरा वारला, त्याची तपासणी कधी झालीच नाही. लेकरं चार. थोरला ५० वर्षांचा, पूर्वी वावरात राबायचा, आता तालुक्याच्या रस्त्यावर कृषी केंद्र चालवतो. सहा वर्षांपासून त्याला शुगर आहे. मधला ४६ वर्षांचा, पाच एकर वावर आणि बैलजोडी सांभाळतो. बहीण ४२ वर्षांची, दोन कोसांवरच्या गावात दिलेली. सगळ्यात धाकटा पुण्याकडे कंपनीत आहे. तो तपासणीला आलाच नाही, त्यामुळे इथं त्याच्याबद्दल काही नाही. थोरल्याच्या बायकोलाही शुगर आहे आणि त्यांचा २३ वर्षांचा मुलगा दिवसभर दुकानावर बसतो.

उपकेंद्रावर फॉर्म भरताना दोन वाक्यं ऐकू आली. बहीण म्हणाली, "चारातून एकाले व्हते म्हणतात ना. मोठ्या भाऊले झाली, आमी बाकीचे सुटलो." भाचा तिच्या उलट बोलला: "आत्या, माह्या तं मायलेबी हाय अन् बाबालेबी. मले होनारच हाय, मंग आतापासून कायले तोंड बांधून राहू?"

एकीला तपासणी नको होती ती भीती नाही म्हणून, दुसऱ्याला नको होती ती आशा नाही म्हणून. दोघांचाही हिशेब चुकला आणि चूक एकाच ठिकाणची आहे. 'आनुवंशिक' हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या आजारांसाठी वापरतो.

'चारात एक' आलं कुठून

बहिणीची मोठी मुलगी सिकलसेलग्रस्त आहे, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार तिला आहे. बहीण आणि तिचा नवरा दोघंही वाहक, म्हणजे एएस: जनुकाची एक प्रत चांगली, एक बदललेली. समुपदेशनात त्यांना सांगितलं गेलं की आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू ग्रस्त निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक निघण्याची ५० टक्के आणि दोन्हीतून मोकळं असण्याची २५ टक्के. हे बरोबर आहे. त्यातला 'प्रत्येक बाळंतपणात' हा शब्द मात्र घरी पोचेपर्यंत गळून पडला आणि 'चारातून एक' तेवढं उरलं. पहिलं लेकरू ग्रस्त निघालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. दर खेपेला नाणं नव्यानं उडतं. पूर्व विदर्भात ही गफलत इतकी घट्ट बसली आहे की 'दर खेपेला नव्यानं' हे समुपदेशकानं समोरच्याकडून त्याच्या तोंडून वदवून घ्यावं, नुसतं सांगून सोडू नये.

सिकलसेलमध्ये तरी हे गणित लागू पडतं, कारण तिथं एकच जागा आहे: ११व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर. दोन्हीकडून बदललेली प्रत आली की आजार येतो. पाणी कमी पडणं, थंडी, ताप यांनी त्रास वाढतो, पण आजार असणं-नसणं खाण्यापिण्यावर ठरत नाही.

शुगरचं, म्हणजे टाइप २ मधुमेहाचं तसं नाही. २०२४ साली पंचवीस लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी जोडलेल्या ६११ जागा सापडल्या. त्यातली सगळ्यात ठळक जागा १०व्या गुणसूत्रावरच्या टीसीएफ७एल२ या जनुकात आहे. ती २००६ साली कळली आणि पुण्यातल्या लोकांच्या नमुन्यांवरही तिची खात्री पटली. या जागेची जोखमीची एक प्रत असली तर मधुमेहाची शक्यता साधारण १.४ पट होते, आणि हा बहुतेकांत मोठा आकडा आहे. बाकीच्या जागा एकेकट्या पाच-दहा टक्क्यांचा फरक करतात. त्यातल्या बऱ्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे जेवणानंतर इन्सुलिन किती लवकर आणि किती सुटतं यावर काम करतात. काही चरबी कुठं साठते हे ठरवतात. जोखमीच्या काही ना काही प्रती प्रत्येक माणसात असतात. ज्याच्यात एकही नाही असा माणूस या गावात सापडणार नाही.

मायनं तिच्याकडच्या प्रतींपैकी अर्ध्या प्रत्येक लेकराला दिल्या, पण प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा अर्धा आला. म्हणून सख्ख्या भावंडांचाही आरंभ सारखा नसतो.

समजावताना शेततळ्याचं उदाहरण बरं पडतं. जन्मतः कुणाचं तळं पाव भरलेलं असतं, कुणाचं अर्धं. पुढची वर्षं म्हणजे पाऊस: पोटाचा घेर, बसून काम, झोप, चहातली साखर. पाणी सांडव्यावरून गेलं की आजार. अर्धं भरलेलं तळंही पाऊस कमी झाला तर सांडत नाही आणि पाव भरलेलं तळं अतिवृष्टीत सांडतं. सांडव्याच्या बोटभर खाली असलेलं पाणी बाहेरून दिसत नाही, हेही इथं नीट कळतं. हिशेबाची ही उंबरठ्याची पद्धत डग्लस फाल्कनर यांनी १९६५ साली मांडली.

उदाहरणाला एक मर्यादा आहे. जनुकं फक्त सुरुवातीचं पाणी ठरवत नाहीत, तोच पाऊस कुणाच्या तळ्यात किती साचेल हेही ठरवतात. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत २००६ साली हे दिसलं. टीसीएफ७एल२ च्या दोन्ही जोखमीच्या प्रती असलेल्यांपैकी ज्यांनी काहीच बदललं नाही, त्यांच्यात मधुमेह होण्याचा वेग १.८१ पट होता. ज्यांनी वजन उतरवलं आणि चालणं वाढवलं, त्यांच्यात तो १.१५ पट, म्हणजे जवळजवळ इतरांइतकाच होता. प्रती त्याच होत्या, त्यांचा जोर ओसरला. भाच्याच्या 'होनारच हाय'ला याहून थेट उत्तर नाही.

वंशावळ काढताना

नुसतं "घरात कुणाला शुगर आहे का" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, कारण मागच्या पिढीची तपासणीच झालेली नसते. म्हणून लक्षणं विचारायची. कुणाच्या पायाची जखम चिघळली का? बोट, पाय कापावा लागला का? लघवीला मुंग्या लागायच्या का? धडधाकट माणूस वाळत गेला का? या घरात मायचा भाऊ असाच 'वाळून गेला', हे तिसऱ्यांदा विचारल्यावर निघालं. आजार कळला तेव्हाचं वय प्रत्येकापुढे लिहायचं. पंचविशीच्या आत, सडपातळ माणसाला आणि सलग तीन पिढ्यांत मधुमेह दिसला तर एकाच जनुकाचा मधुमेह असू शकतो. तिथं प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता असते, औषधंही वेगळी पडतात आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागतं. इथं माय ५४, थोरला ४४, तेव्हा तो संशय नाही.

या वंशावळीत थोरल्याची बायको महत्त्वाची आहे. सासू-सुनेचं रक्ताचं नातं नाही, पण चूल सत्तावीस वर्षं एकच आहे. ज्वारीची भाकर आणि चून जाऊन रेशनचा भात आणि पोळी आली. दुकानावर दिवसाला सहा चहा. कपामागं दोन चमचे धरले तर पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. ट्रॅक्टर आल्यावर डवरणीच्या दिवसांतलं चालणं संपलं. आई-बापाकडून जनुकं येतात तशी चूलही येते, आणि 'खानदानात आहे' म्हणताना माणूस या दोन्हींचा जोड एकाच नावावर मांडतो. एका पालकाला टाइप २ असेल तर लेकराला आयुष्यभरात होण्याची शक्यता ढोबळमानानं ४० टक्के आणि दोघांना असेल तर ७० टक्के सांगितली जाते. त्या आकड्यांतही चूल मिसळलेलीच आहे.

बहिणीचा रिपोर्ट

गावातल्या शिबिरात बहिणीचं एचबीए१सी ६.२ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ पासून मधुमेह, म्हणून तिला "काठावर आहे, गोड कमी करा" असं सांगून घरी पाठवलं. तिच्या पिशवीत सिकलसेलचं कार्ड होतं. ते कुणी मागितलं नाही.

एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण चार महिने जगते, तेवढ्या काळात तिला साखर चिकटत राहते. हिमोग्लोबिन वेगळं असेल किंवा पेशी लवकर मरत असतील तर हे माप चुकतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातली साखर सारखी असूनही सिकल वाहकांचं एचबीए१सी सुमारे ०.३ नं कमी भरलं. ग्रस्त रुग्णात, म्हणजे तिच्या मुलीत, ही तपासणी करूच नये. उलट लोहाच्या कमतरतेनं एचबीए१सी खोटं वाढतं. विदर्भातल्या बाईत या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात. एक आकडा खाली ओढते, दुसरी वर. ६.२ मध्ये ०.३ मिळवून निदान करायचं नसतं. त्या आकड्यावर निर्णयच घ्यायचा नसतो.

म्हणून जीटीटी केली, म्हणजे उपाशीपोटी आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातली साखर मोजली. उपाशीपोटी १२१, दोन तासांनी २१८. उपाशी १२६ किंवा दोन तासांनंतर २०० आणि त्यापुढे मधुमेह. लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान एकाच आकड्यावर करत नाहीत, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा उपाशीपोटी रक्त घेतलं, ते १२८ आलं. निदान पक्कं. 'सुटलेली' बहीण सुटलेली नव्हती. तिच्या कागदावर आता लाल शाईत लिहिलं आहे: 'सिकल वाहक, एचबीए१सी वापरू नये, उपाशी आणि जेवणानंतरच्या साखरेवर औषध ठरवावं.' कुटुंबातल्या प्रत्येक वाहकाच्या कागदावर ही एक ओळ हवी.

जीटीटी कुठं फसते

जीटीटी जुनी आणि किचकट आहे, पण इथं तिच्याशिवाय भागत नाही. आदल्या तीन दिवसांत नेहमीचं जेवण झालेलं हवं. शुगर तपासायची म्हणून भात-भाकर सोडून आलेल्या माणसाचा आकडा फसवा येतो. किमान आठ तास उपास, पाणी चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात कालवून पाच मिनिटांत प्यायचं. पुडा १०० ग्रॅमचा असेल तर काट्यावर मोजून घ्यायचा, अंदाजानं ओतायचा नाही. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. त्या वेळात बसून राहायचं, बाजार करून यायचं नाही, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा नको. उलटी झाली तर त्या दिवसाची तपासणी रद्द.

सगळ्यात जास्त फसगत सकाळच्या एसटीच्या वेळेनं होते. बस साडेदहाला पोचते, माणूस उपाशी असल्याचं सांगतो, पण स्टँडवर अर्धा कप चहा झालेला असतो. "जेवले का" असं न विचारता "उठल्यापासून तोंडात काय गेलं" असं विचारलं की चहा निघतो.

दुसरी फसगत नळीत होते. घेतलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. फ्लोराइडची करडी नळी वापरली तरी पहिला तास-दीड तास ही गळती थांबत नाही. म्हणून नळी बर्फात ठेवावी आणि अर्ध्या तासात यंत्रात फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचं पाणी, वेगळा करावा. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिक्कीतून प्रयोगशाळेत गेलेला १३० चा नमुना ११५ वाचून परत येऊ शकतो.

ग्लुकोमीटर चाळणीसाठी ठीक आहे, निदानासाठी नाही. स्ट्रिपची डबी उन्हात तापली की बिघडते. हिमोग्लोबिन कमी असलं तर आकडा जास्त दाखवतो. आणि संत्रं सोलून आलेल्या बोटावर टोचलं तर संत्र्याची साखर मोजली जाते. स्पिरिटचा बोळा फिरवून ती जात नाही, साबण-पाण्यानं हात धुवावे लागतात. संत्र्याच्या हंगामात एकाच माणसाची साखर दहा मिनिटांत निम्म्यावर आली तर यंत्राला दोष देण्याआधी हात पाहावेत.

भाचा

उंची १६८ सेंमी, वजन ७० किलो. दिसायला जाड नाही. शासनाच्या कार्यक्रमात आशाताईचा फॉर्म ३० वर्षांपासून पुढच्यांचा असतो, म्हणून तो यादीत येत नव्हता. आत्याबरोबर आला म्हणून सापडला.

कमरेचं माप तो "३२ ची पँट" असं सांगतो. पँट पोटाखाली बांधलेली असते, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ नाही. शेवटची फासळी आणि कमरेचं हाड या दोन्हींच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप कातडीला टेकवून पण न आवळता मोजायचं. बायकांच्या बाबतीत निऱ्यांची गाठ बाजूला घ्यावी लागते. त्याचा घेर भरला ९४ सेंमी.

भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात त्याचे गुण असे: वय ३५ च्या आत म्हणून ०, घेर ९० ते ९९ म्हणून १०, व्यायाम नाही आणि काम बैठं म्हणून ३०, आई-बाप दोघांना मधुमेह म्हणून २०. बेरीज ६०. साठ आणि त्यापुढे जोखीम जास्त. यात एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे: आई-बापांचे २० आणि बसण्याचे ३०.

त्याचं जन्माचं वजन मायलेकराच्या जुन्या कार्डावर मिळालं: २.२ किलो. अडीच किलोच्या खालचं लेकरू आणि पुढे सुटलेलं पोट ही जोडी आपल्याकडे जपून बघावी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपली बाळं वजनानं कमी पण मानानं चरबीनं जास्त असतात. पुढे २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. गर्भात खायला कमी पडलं की शरीर चरबी राखून ठेवायला शिकतं, स्नायू आणि बीटा पेशींच्या वाट्याला कमी येतं. जनुक नाही आणि पुढची सवयही नाही, पण जोखीम जन्माआधीच घडते. या घराच्या हिशेबात हा तिसरा खाना आहे.

जीटीटी: उपाशी १०१, दोन तासांनी १५४. १४० ते १९९ म्हणजे साखर पेलण्याची ताकद कमी झालेली, मधुमेह अजून नाही.

थोरल्यानं विचारलं, नागपुरात जीनची टेस्ट करून आणू का. नको, असंच सांगितलं पाहिजे. जीनच्या टेस्टमधून जोखमीचा जो गुणांक काढतात त्यामागची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे आणि टेप, वय, वंशावळ यांनी जे कळलं त्यात ती फारशी भर घालत नाही. आकडा काहीही आला तरी करायचं तेच आहे. ते पैसे वर्षातून एकदा नीट जीटीटी करण्यात घालावेत.

करायचं ते असं ठरलं. वजन पाच ते सात टक्के उतरवायचं, म्हणजे साडेतीन ते पाच किलो. 'बारीक हो' यापेक्षा हा आकडा हातात धरता येतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चाल. वावर अडीच किलोमीटरवर आहे, तिथं मोटारसायकल बंद. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर एप्रिल-मेमध्ये सगळं सुटतं आणि पावसाळ्यापर्यंत वजन परत येतं. चहा दिवसाला दोन, अर्ध्या चमच्याचे. रात्री भाताच्या जागी ज्वारीची भाकर, पण मोजून दोन. भाकर आहे म्हणून चार खाल्ल्या तर काही मिळवलं नाही. ताटात वरण घट्ट आणि भाजी दुप्पट. खर्रा बंद करण्यासाठी वेगळं समुपदेशन, ते एका भेटीत होत नाही.

याचा उपयोग किती? भारतातल्या प्रतिबंध चाचणीत, ज्याचे निष्कर्ष २००६ साली आले, याच अवस्थेतल्या लोकांपैकी काहीच न करणाऱ्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं बदललेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना झाला. मेटफॉर्मिनची गोळी जोडून त्यात भर पडली नाही. हे त्याला दोन्ही बाजूंनी सांगितलं पाहिजे: शंभरातल्या साधारण सोळा जणांचा आजार टळला, आणि सगळं करूनही एकोणचाळीस जणांना झाला. फक्त पहिली बाजू सांगितली आणि उद्या त्याला शुगर निघाली, तर तो स्वतःला दोष देईल आणि पुन्हा उपकेंद्रावर येणार नाही.

मधला भाऊ

घेर ८० सेंमी. उपाशी ९२, दोन तासांनी ११८. सगळ्या घरात याचंच एक नॉर्मल. घरच्यांना वाटतं तो बापावर गेला. तसं असेलही, पण त्याच्या तळ्यात किती पाणी आहे हे या आकड्यांवरून कळत नाही, कारण त्याच्यावर तो पाऊस अजून पडलेलाच नाही. डवरणी, निंदण, फवारणीचा पंप पाठीवर, वेचणीच्या दिवसांत चुंगड्या उचलणं. थोरलाही चाळिशीपर्यंत असाच होता.

सगळं नॉर्मल असलेल्या माणसाची तपासणी एरवी तीन वर्षांनी करतात. मधल्यानं यंदा बैलजोडी विकायला काढली आहे, ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर झालं आहे. त्याच्या कागदावर पुढची तारीख वर्षभरातली टाकली आहे आणि तिच्यासमोर कमरेचा आजचा घेर लिहून ठेवला आहे.